चार तासांची अमेरिका

मी बॅग बोलतेय गं बायांनो. निळी, चार चाकांची, विमानात मिरवायची. निदान दुकानदार तरी तसंच म्हणाला होता. पाच वर्षं झाली, अजून नाशिकची वेस ओलांडली नाय!

मला गंगापूर रोडवरनं चिमाजीनं आणली. तो अन् त्याची बायको मालनबाई, दोघं फुलमळेवाले. त्यांची मंजुषा लगीन होऊन अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेली. "आपण जाऊ तिच्याकडं," म्हणाला, अन् मला टाकलं कपाटावर. पोटात काय कोंबलं? गोधड्या! वर मांजर झोपायची, ती वेगळीच.

यंदा मंजुषाला दिवस गेले. बाळंतपणाला आई पाहिजे म्हणून रोज फोन. मालनबाईचं आपलं एकच, "कळवणच्या एसटीत दोन तासांत माझे गुडघे आखडतात. मी नाय एका जागी बसायची."

तरी पोरीनं तिकीट काढलंच. चिमाजीनं वाचून दाखवलं, "मुंबईहून दुपारी दोनला सुटतं, संध्याकाळी सहाला पोचतं."

"चारच तास? मग जाते की!"

चिमाजी मिशीत हसला. लबाड! पण मला खाली काढलं, झटकलं, डिंकाचे लाडू भरले. मी तर फुगलेच. वर मालनबाईनं मोगऱ्याचे गजरे ठेवले, "सांजच्याला ताजेच राहतील."

तेवढ्यात शेजारची आबिदा आली. ती उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, विमानानं जाऊन आलेली. तिनं तिकिटावर बोट ठेवलं. "अगं मालन, हे सहा तिथल्या घड्याळात! आपल्याकडं तवर दुसरा दिवस उजाडतो. हे बघ, साडेसोळा तास. साडेतेरा हजार किलोमीटर हाय ते!"

"साडेसोळा? एवढ्या वेळात माझं बूड खुर्चीला चिकटंल!" मालनबाईनं लाडू बाहेर काढले. गजरे चिमाजीच्या तोंडावर फेकले. अन् माझ्या पोटात? पुन्हा गोधड्या. असा संताप आला, चेन तोडून घ्यावीशी वाटली.

संध्याकाळी मंजुषाचा फोन. "आई, कळा किती तास असतात गं? मला लय भीती वाटती."

"भिऊ नको. तुझ्या वेळेला मी दीड दिवस..." मालनबाई मध्येच थांबली. माझ्याकडं बघितलं. "दीड दिवस सोसला, तेव्हा कुठं आठवले गं मला गुडघे? येते मी. ठेव फोन."

उद्या विमान हाय. लाडू पोटात आले. पण माझ्या नशिबी सुख कुठलं? सकाळपासून बाई माझ्यावर बसलीय. "बसायची सवय करते," म्हणती. घडीघडीला उठती, गुडघे चोळती, पुन्हा धपकन बसती. आबिदा घड्याळ घेऊन समोर. "साडेतीन तास झाले मालन, अजून तेरा!"

बाई गं, हात जोडते. हात नाय, हँडल जोडते. बसायचंय तर विमानात बस. फुटायच्या आधी मला एकदा उडू दे!