उतरता खांदा

शिवणकाम करणाऱ्या बाईला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, आधी खांदे दिसतात. तिचं तर अर्धं आयुष्य लोकांच्या खांद्यांवर टेप टाकण्यात गेलेलं. तिच्या नवऱ्याचा उजवा खांदा उतरता होता. तो रंगारी, लग्नाआधीपासून शिडी त्याच खांद्यावर वाहायचा. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला त्या बाजूला ती आतून कापडाची बारीकशी गादी लावायची. "नवरा वाकडा असला म्हणून काय झालं, सदरा सरळ दिसला पाहिजे," असं गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

त्या नवऱ्याला सात वर्षं आत टाकलं. त्याने रंगवलेल्या घरात चोरी झाली आणि गोऱ्या मालकिणीने भर कोर्टात बोट दाखवलं, "हाच तो काळा." चोर तिला खिडकीतून उडी मारताना पाठमोरा दिसला होता म्हणे. दुसरा पुरावा काय? शून्य. पण काळा माणूस दाखवला की कोर्टातल्या शहाण्यांना तेवढं पुरलं. पुढे खरा चोर भलत्याच गुन्ह्यात सापडला, हीही चोरी त्याने कबूल केली, तेव्हा कुठे सुटकेचा हुकूम निघाला. माफी कोणी मागितली नाही.

शेवटची काही वर्षं त्यानेच तिला भेटीला येऊ दिलं नव्हतं. काचेपलीकडे बसलेला नवरा बघून बायको रडते, हे त्याला सोसवेना. ती मात्र घरी जुन्या मापाने त्याच्यासाठी सदरा शिवत बसे. मशीन थांबलं की घर खायला उठायचं.

सुटकेच्या दिवशी नेमकी तिची बस उशिरा पोचली. सुटलेले लोक तुरुंगासमोरच्या थांब्यावर पाठमोरे उभे होते. बहुतेक त्यांच्याच रंगाचे, त्यात नवल ते काय! एकाचा उजवा खांदा उतरता दिसला. ती धावली, मागून त्याची बाही धरली. "अहो, इकडे बघा ना!"

भलताच माणूस वळला. "बाई, मी नाही तो," बिचारा ओशाळून म्हणाला.

त्याच्या पलीकडून एक वाळलेला, केस पिकलेला माणूस बोलला, "मी इथे आहे."

वाटेत तो हवापाण्याचंच बोलला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी आल्यावर त्याने नवा सदरा घातला, तर उजवीकडे गादीचा उंचवटाच आला. खांदा सरळ झाला होता. सात वर्षं शिडी कुठली?

"एक सांगू?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ती जास्त घाबरली. "आत मी सगळ्यांना सांगायचो, त्या मालकिणीच्या जागी माझी बायको असती ना, तर तिने हजार माणसांत मला पाठमोरं ओळखलं असतं."

जो खांदा इतकी वर्षं मनात जपला त्यानेच दगा दिला होता. आज हा मनाने गेला तर पुन्हा आपल्या हाती लागणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिने मशीनवरचा टेप उचलला.

"थांबा. माप घेते. पहिल्यापासून."

तो उठला. भिंतीकडे तोंड करून त्याने पाय फाकवले, दोन्ही हात वर करून तळवे भिंतीला टेकवले आणि झडतीची वाट बघत उभा राहिला.

"अहो, हात खाली घ्या," ती म्हणाली. "मी आहे."

"हो," तो म्हणाला. हात मात्र तसेच राहिले.