मैदानावरचे तीन प्रश्न

“सर, फायनलची गोष्ट सांगा ना,” चहाचा कप पुढे करत तेजश्री म्हणाली आणि साहेबराव सरांनी मान खाली घातली.

सकाळीच बारामतीत त्यांचा सत्कार झाला होता. मुलींच्या रग्बी संघाला पाच वेळा राज्यात पहिलं आणणारे प्रशिक्षक! कधीकाळी कोऱ्हाळ्यात खो-खोच्या पोरींच्या हातात त्यांनी पपईसारखा चेंडू दिला, तेव्हा लोक हसले होते. “मास्तर, इतकी वर्सं पळून सुटायला शिकवलं, आता धरून पाडायला शिकवताय व्हय?” आज तेच लोक फेटा बांधायला पुढे होते. शाल काखेत मारून सर तडक तेजश्रीच्या गावच्या, निमगाव केतकीच्या एसटीत बसले. प्रत्येक सत्कारानंतर ते तेजश्रीकडे यायचे. लोकांना ती गुरूची माया वाटायची. माया कसली, मन खात होतं त्यांचं.

सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या फायनलमध्ये तेजश्रीचं डोकं जमिनीवर आपटलं होतं. अशा वेळी खेळाडूला तीन प्रश्न विचारायचे, एक जरी चुकला तरी बाहेर काढायचं, हा सरांनीच पोरींना शिकवलेला नियम. मैदान कुठलं? हाफ कितवा? मागचा सामना कुणी जिंकला? “इंदापूर,” ती म्हणाली. पुढच्या दोन्ही प्रश्नांना नुसती हसली. सरांनी पंचांकडे वळून, खेळू दे म्हणून अंगठा वर केला. त्यानंतर चौथ्या मिनिटाला तिनंच चेंडू रेषेपलीकडे टेकवून जिंकवणारे गुण मिळवले आणि टेकवताना पुन्हा डोक्यावर पडली. ते पहिलं विजेतेपद.

तो सामना तिला आजही आठवत नाही. उन्हात गेली की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोलीस भरतीचं स्वप्न तिथंच संपलं.

“मी उत्तरं बरोबर दिलती ना, सर?”

दर वेळी सर “व्हय” म्हणायचे. पण आज भाषणात कुणीतरी तोच सामना रंगवून सांगितला, टाळ्या पडल्या, आणि सरांना स्वतःची लाज वाटली होती.

“न्हाय, पोरी. तिन्ही चुकलीस. मला कळलं हुतं. तरी खेळवलं तुला. मला कप पायजे हुता.”

दारात मेथी निवडणाऱ्या तिच्या आईचा, भागुबाईचा हात थांबला. “आमी सहा वर्सं नशिबाला बोल लावला, सर,” ती एवढंच म्हणाली.

तेजश्रीनं सरांपुढचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “आता परत इचारा.”

“काय?”

“तेच. तीन प्रश्न.”

सरांनी विचारलं, “कुठं हाईस?”

“निमगावात. घरात.”

“हाफ कितवा?”

“खेळ कवाच संपलाय, सर.”

“सामना... कुणी जिंकला?”

“तुमी.”

तिन्ही उत्तरं बरोबर होती.