माझ्या उजव्या कवाडावरचा बटाटा

मित्रांनो, मी एका जुन्या बागेचे लोखंडी फाटक आहे. येणारे-जाणारे सगळे मला माहीत. पण माझ्या अंगावर काय काय आहे असे विचाराल, तर माझी पंचाईत होते. फाटकाला आरसा कोण दाखवणार?

मला घडवले एका लोहाराने. हातात कला होती, पण काम भलते सावकाश. एकेक वेल वळवायचा, लांबून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा भट्टीत घालायचा. बाग उघडायचा दिवस तोंडावर आला, तरी माझे उजवे कवाड अर्धवटच. भाता ओढणारी त्याची बायको त्याला 'गोगलगाय' म्हणून चिडवायची. तो ऐकून न ऐकल्यासारखे करायचा. शेवटी त्याने माझ्या उजव्या कवाडावर, वेलाच्या मधोमध, काहीतरी चिमुकले बसवले. बायको वाकून बघू लागली आणि खुदकन हसली.

"अहो, हे काय साऱ्या जगाला सांगायचं होतं?"

"जगाला काय कळतंय!" लोहार म्हणाला.

मलाही कळले नाही. सुरुवातीला लोक तिथे बोट लावत, हसत आणि पुढे जात. काय आहे ते फाटकाला सांगावे, असे कोणाच्या मनात येणार?

पुढे मला रंगवायची टूम निघाली. बडा पाहुणा यायचा म्हटले की माझ्या अंगावर कुंचला फिरे. जुना रंग खरवडायला सवड कोणाला? हिरव्यावर काळा, काळ्यावर चंदेरी. लोक म्हणत, "काय झकास ठेवलंय फाटक!" मीही फुशारून जाई. पण हळूहळू माझी पाने सुजल्यासारखी झाली, बिजागऱ्या रंगाने भरल्या आणि त्या चिमुकल्या वस्तूचा गोळा झाला. मुले त्याला 'बटाटा' म्हणू लागली. रोज फिरायला येणाऱ्या दोन बहिणींचे तर त्यावरून कायमचे भांडण. थोरली म्हणे कळी, धाकटी म्हणे पाखरू.

एक दिवस मी लागेनासेच झाले. बागेच्या साहेबांनी मला काढायचे ठरवले आणि भंगारवाल्याला बोलावले. मित्रांनो, मला भट्टीची भीती नव्हती. तिथेच तर मी जन्मले. पण आपल्या अंगावर काय आहे ते न कळताच वितळायचे, याचे फार वाईट वाटत होते.

लोखंड कसले आहे ते बघायला भंगारवाल्याने कानस काढली. तेवढ्यात त्या बहिणी आल्या.

"अरे दादा, खरवडतोच आहेस तर तो बटाटा खरवड की," धाकटी म्हणाली.

"मावशी, मला वजनाशी मतलब. बटाट्याशी काय करायचंय?"

असे म्हणत त्याने दोनदा कानस मारली आणि स्वतःच थबकला. मग खाली बसून जपून खरवडू लागला. चंदेरी गेला, काळा गेला, हिरवा गेला. आधी गोल गोल वेटोळे दिसले. मग दोन इवलीशी शिंगे.

"अगं बाई, गोगलगाय!" दोघी एकदमच ओरडल्या आणि पोट धरून हसत सुटल्या.

मला मात्र आता सारे उमगले. बायकोने चिडवलेले नाव त्या भल्या माणसाने लोखंडात जपून ठेवले होते.

"साहेब, हे मी तोडणार नाही," भंगारवाला म्हणाला. "बघा तर, बाकी काय काय निघतंय!"

"पण फाटक लागतच नाही ना," साहेब म्हणाले.

त्याने बिजागऱ्या खरवडल्या, तेल सोडले आणि हलकेच ढकलले. मी लागले! साहेबांनी दोनदा उघडझाप करून पाहिली आणि नव्या फाटकाचा विचार सोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, पण रंग फासण्याआधी तिच्याकडे नीट बघा. मला वाटायचे, मी बाग सांभाळत उभे आहे. खरे तर एवढी वर्षे मी दोन माणसांची थट्टा सांभाळत होते.