चमको

उडी मारणे कुणालाही येते. उतरणे शिकवावे लागते. दाना आपटेकर हे वाक्य इतक्या वेळा ऐकवी, की संघातल्या मुली ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवत. पनवेलमध्ये तिचे छोटेसे फिजिओथेरपीचे क्लिनिक होते. आठवड्यातल्या काही संध्याकाळी ती गव्हाणच्या मैदानावर येई आणि चौदा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाला खेळाआधी उड्या मारायला लावी. जमिनीवर येताना गुडघे आत तर वळत नाहीत ना, हे ती उकिडवी बसून पाही. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे विमाने खाली येत असत. "बघा," ती म्हणे, "एवढं अवजड धूड, पण कसं अलगद टेकतं."

गेला महिनाभर मनस्वी अलगद टेकत नव्हती.

संघाचे निम्मे गोल तिच्या नावावर होते. पण आता उजवा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच ती तो उचलून घेई, तापल्या तव्यावर पडल्यासारखा. धावता धावता वळताना निमिषभर थबके, आणि मग हसून पुढे सुटे. ती थबकली की मागून आरोळी येई, "ए चमको!" तिच्या बुटांना चंदेरी नाड्या होत्या, केसांत गुलाबी रिबन होती. मुली नखऱ्यांची थट्टा करतात, असे दाना समजून चालली होती.

"मनस्वी, गुडघा दुखतोय का?"

"नाय."

"खरं सांग."

"देवाशपथ नाय दुकत, मॅडम."

गुडघ्यावर सूज नव्हती. हात लावायला जावे तर गुदगुल्या होतात म्हणून ती पाय ओढून घेई. तिचा नकार इतका स्वच्छ, इतका तत्पर असे, की दानाला त्यात पाठांतराचा वास येऊ लागला.

आणि वास खरोखरीचाही होता. कापूर आणि पुदिना यांचा, थंडगार, नाकात चढणारा. दुखरी जागा बधिर करणाऱ्या फवाऱ्याचा. तो प्रशिक्षक प्रणित पाटीलच्या निळ्या जॅकेटला येई. प्रणित कोन गावचा. एके काळी चांगला खेळाडू होता म्हणत. आता दानाच्या उड्यांकडे पाहून घड्याळाची काच पुसणारा. "मॅडम, तुमचं झालं की सांगा, मग फुटबॉल खेळू," असे तो म्हणे, आणि मुली खिदळत.

अंतिम सामना रविवारी होता, खारघरच्या संघाशी. जिल्ह्याची निवड समिती येणार होती. मनस्वीच्या वडिलांनी, धनेश म्हात्रेंनी, नाक्यावर लेकीचा बॅनरही लावून टाकला होता: 'गव्हाणची वाघीण'. शुक्रवारी गोलपोस्टच्या मागे प्रणित वाकून मनस्वीच्या कानाशी काही बोलत होता. दाना जवळ येताच दोघेही गप्प झाले.

"काय सांगत होते सर?" नंतर तिने विचारले.

"काय नाय."

"मनस्वी."

"कोनाला सांगू नको, बोलले." आणि ती पळाली. पळाली ती डाव्या पायावर भार टाकून.

त्यानंतर दानाच्या मनात संशयाने आपले घर बांधून पुरे केले. बाप, प्रशिक्षक, फवारा, पढवलेले 'नाय': सगळे कसे एकमेकांत चपखल बसत होते. एका कोवळ्या गुडघ्याला बधिर करून हे लोक मैदानात ढकलणार होते, आणि तो तुटला म्हणजे कुणीच काही केलेले नसणार होते.

रविवारी सामन्याआधी मंडपामागून तिला फवाऱ्याची सूं सूं ऐकू आली. पुरावा हाती लागल्याच्या कडवट आनंदाने तिने कनात बाजूला सारली.

आत प्रणित एकटाच होता. पँट मांडीपर्यंत वर सरकवलेली, गुडघ्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा पांढुरका व्रण, हातात फवाऱ्याची डबी.

"ओ मॅडम! आवाज तरी द्यायचा."

"हे तुमच्यासाठी आहे?"

"मग काय पोरींना मारू? त्या दिवशी मनूने बघितलं. तिला बोललो, कोणाला सांगू नको. लंगडा मास्तर म्हणून चिडवतील कार्ट्या."

"दुखतं खूप?"

"दुखत नाही हो." त्याने पँट खाली केली. "चमक येते फक्त. वळलं की."

चमक. तिच्या क्लिनिकमध्ये बायका रोज पाठीत भरलेली चमक घेऊन येत. आणि मैदानावर महिनाभर मुली तेच ओरडत होत्या; नाड्यांना नव्हे, रिबनीला नव्हे. चमको.

मनस्वी बाकावर बसून चंदेरी नाड्या आवळत होती. दाना तिच्यासमोर मातीत बसली.

"मनू, गुडघ्यात चमक येते?"

मुलीचे हात थांबले. "येते."

"कधी?"

"वलली का. कदी कदी गुडगा आतल्या आत सटकतो पन."

"मी रोज विचारत होते!"

"तुमी दुकतं का इचारायच्या. दुकत नाय. मी खोटं नाय बोलली." तिने मान खाली घातली. ते अज्ञान होते की हुशारी, हे त्या वाकलेल्या मानेवरून दानाला कळेना. आणि कदाचित मुलीलाही ठाऊक नव्हते. या वेळी तिने पाय ओढून घेतला नाही. दानाने तो हळूच वाकवून वळवला. तिच्या बोटांखाली आत काहीतरी अडखळले, आणि मनस्वी दचकली.

"आज ही खेळणार नाही," दाना उठत म्हणाली.

"काय बोलता काय, मॅडम?" धनेश म्हात्रे दोरीपलीकडून आत आले. "नाक्याव बॅनर हाय पोरीचा! कमिटी आलीय! आन् आज बसवता तिला? पोरगी सवताच नाय दुकत बोलते ना?"

दाना प्रणितकडे वळली. तिचा संशय अजून पुरता विझला नव्हता; शब्द आता त्याचा चालणार होता, आणि संघाचे निम्मे गोल बाकावर बसले होते. प्रणित मनस्वीच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"धनेशशेठ," अखेर तो म्हणाला, "मलाही नव्हतं दुखत." आणि राखीव मुलीला त्याने हाक मारली. "प्रांजल, जॅकेट काढ. मॅडमच्या उड्या मार आधी. सगळ्या मार."

धनेश म्हात्रे दोरीपलीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

शिट्टी झाली. एक विमान मैदानावर सावली टाकत खाली गेले. मनस्वीने नाड्या सोडल्या, बूट काढला आणि मांडीवर घेतला.

"आता काय करनार?"

"उद्या आतला फोटो काढू. मग व्यायाम. मग बघू."

"चमक गेली का खेलवाल?"

दाना उत्तर द्यायला वळली. मुलीचे डोळे मैदानावर होते, जिथे प्रांजल चेंडू घेऊन वळत होती, जराही न थबकता.

"चमक गेली की," दाना म्हणाली, आणि तो शब्द उच्चारताच तिला त्याच्या दुसऱ्या अर्थाची भीती वाटली.