दीनाबाईची वेणी

"हळू गं, सिप्पू. तिला अजून ऐकू येतं."

रूथआत्याचा तो आवाज. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन चालावं, तसा ती बोलायची. चौतीस वर्षं झाली त्याला. कबरस्तानातल्या कौलारू खोलीत लाकडी फळीवर एक बाई निजवलेली होती आणि सिप्पोराच्या हातून तांब्या फळीवर आपटला होता. त्यावर आत्या एवढंच म्हणाली. मग तिने पाणी कसं घालायचं ते दाखवलं. तीन बादल्या. पहिलीची धार संपायच्या आत दुसरीची सुरू झाली पाहिजे. मध्ये तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून. हिब्रू प्रार्थना म्हणून झाली की केस विंचरता विंचरता आत्या आपल्या मराठीत गुणगुणायची:

अंगणी तापे पाणी, घंगाळ भरू द्या गं
लेक निघाली घरा, वेणी घालू द्या गं

ठाण्याच्या सिनेगॉगला जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात. तिथल्या बेने इस्रायली बायकांना शेवटची अंघोळ घालायचं काम रूथआत्यामागे दोघींकडे आलं, सिप्पोरा पेझारकर आणि मिल्का दिघोरकर. उचलायला, धरायला आणखी दोघीतिघी असत, पण पाणी आणि केस या दोघींचेच. या कामाचे कुणी आभार मानत नाही. जिच्यासाठी करायचं ती परतफेड करू शकत नाही, म्हणून तर याच्याइतकी निर्मळ सेवा दुसरी नाही, असं आत्या सांगायची. निरोप यायचा मिल्काकडे. मिल्का कळव्याहून फोन करायची, "सिप्पू, चल." सिप्पोरा वर्तकनगरच्या घरातून दारामागची पांढरी पिशवी उचलून निघायची. पिशवीत दोन एप्रन, लाकडी कंगवा, कात्री, साबण. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली, गुडघे बोलायला लागले, पण पिशवी दारामागून हलली नाही.

गेल्या मलिद्याच्या विधीला सगळ्या बायका पोह्यांत गूळ-खोबरं कालवत बसल्या होत्या, तेव्हा कोलशेतच्या दीनाबाईने तिचं मनगट धरलं होतं. अठ्ठ्याऐंशीची दीनाबाई. कापसासारखे केस, तरी कमरेपर्यंत.

"माझी वेणी तूच घाल हं, सिप्पोरा. तीन पेडांची, सैल. ही मिल्का घट्ट आवळते, डोकं दुखतं माझं."

"मेल्यावर कसलं गं डोकं दुखतंय तुझं?" मिल्का म्हणाली.

"तू घातलीस तर दुखेल."

सगळ्या हसल्या. "घालीन की," सिप्पोरा म्हणाली. "शंभरी तर गाठ आधी."

त्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट. सकाळची प्रार्थना आटोपली होती. मागच्या हॉलमध्ये सिप्पोरा काळ्या मनुकांचं शरबत छोट्या पेल्यांत ओतत होती. कमिटीचा सेक्रेटरी हायेम पेला उचलता उचलता म्हणाला, "दीनाआजींचं गुरुवारी सगळं नीट झालं, मावशी. मुंबईच्या बायका अगदी वेळेवर आल्या."

"कुठलं सगळं?"

हायेमचा पेला ओठांपाशीच थांबला. "तुम्हाला... मिल्कामावशी म्हणालेल्या की त्या सांगतील म्हणून."

"दीनाबाई गेली?"

ग्रुपवरचे मेसेज सिप्पोरा बघत नसे. मरणाची बातमी तिला इतकी वर्षं एकाच आवाजातून कळत आली होती. गुरुवारी फोन दिवसभर ओट्यावर पडला होता. वाजलाच नव्हता.

"मला का नाही बोलावलं?"

"मावशी, बसा ना तुम्ही. खुर्ची आण रे कुणीतरी."

"खुर्ची नको. का नाही बोलावलं ते सांग."

हायेमने इकडे तिकडे पाहिलं. "मिल्कामावशींनीच सांगितलं कमिटीला. दोन महिने झाले. यापुढे सिप्पोराला बोलवायचं नाही, मुंबईहून बायका बोलवा, म्हणाल्या. आम्ही कारण विचारलं. तर म्हणाल्या, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

टेबलाभोवती कुणी केळ्याची साल सोलत राहिलं, कुणी उगाच नातवाची टोपी नीट केली. सिप्पोराने एकेक चेहरा पाहिला. कुणालाच नवल वाटलेलं नव्हतं. दोन महिने हे लोक तिला जड पातेलं उचलू देत नव्हते, खुर्ची पुढे करत होते, रिक्षापर्यंत सोडायला येत होते. तिला वाटलं होतं, माया आहे. शरबताची किटली तिने खाली ठेवली. तिच्या हातून एक थेंब सांडला नव्हता, हे तिने मुद्दाम पाहिलं.

शब्बाथचा विसावा संपेपर्यंत ती घरीच थांबली. रविवारी सकाळी रिक्षा करून खाडीपूल ओलांडून ती कळव्याला पोचली. वाटभर मनात मिल्काशी भांडली. दर वेळी मिल्का रडायची, आणि दर वेळी सिप्पोराचं समाधान व्हायचं नाही.

तळमजल्यावरच्या मिल्काच्या दारात जनी कोळीण पाटी मांडून बसली होती.

"या मावशी, बऱ्या टायमाला आलाव! सांगा जरा हिला, बोय ताजी हाय का नाय!"

"ताजी म्हणे!" आतून मिल्काचा आवाज आला. "डोळे बघ तिचे, माझ्यापेक्षा म्हातारे."

"तुमाला चालत नाय म्हनून कोलंबी दावत पन नाय मी. निवडून निवडून खवल्याची आणते, तरी बोलणी मीच खायाची?"

मिल्का ताट घेऊन बाहेर आली आणि सिप्पोराला पाहून उभीच राहिली. जनीने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, ताटात बोय टाकली आणि "पैशाचं मंग बघू गो" म्हणत पाटी डोक्यावर घेतली.

"बस, चहा टाकते."

"दीनाबाईची वेणी कुणी घातली?"

मिल्काने ताट ओट्यावर ठेवलं. सुरी घेतली, खवले काढायला लागली. "मुंबईची एक मुलगी होती. चांगली होती गं."

"किती पेडांची?"

"सिप्पू..."

"किती पेडांची, तेवढं विचारतेय."

"मी नाही पाहिलं. मी बाहेर बाकड्यावर बसले होते."

"तू आत नव्हतीस?"

"तुला वगळून मी आत जाईन होय?"

"वा! माझा गळा कापायचा आणि आपल्या बोटाला चरा पाडून घ्यायचा. झाली फिट्टंफाट!"

"वय झालं आपलं. बादल्या उचलवत नाहीत. कमिटीला पण वाटत होतं..."

"कमिटीवर ढकलू नकोस. हायेमने सगळं सांगितलं मला, तेही तीस माणसांदेखत, शरबत ओतताना. तू माझ्याबरोबर मलिदा कालवलास, माझ्याकडे जेवलीस, मुलीच्या घरी डोंबिवलीला माझ्याबरोबर आलीस. आणि दोन महिने पोटात हे? मी त्या बाईला शब्द दिला होता, मिल्का. ती मला शिव्या देत गेली असेल."

सुरी चालत राहिली. खवले ओट्यावर उडत होते.

"चौतीस वर्षांत माझ्या हातून एकदा तरी धार तुटली? आपण शेवटची न्हाऊ घातली ती रेमाबाई. तिच्या वेळी काय कमी पडलं, सांग." सिप्पोराला तो दिवस लख्ख आठवत होता. कोमट पाणी, रेमाबाईच्या पायाचं वाकडं बोट, तिन्ही बादल्या एका धारेत, पांढऱ्या कपड्यांची एकेक नाडी. "पाणी तुटलं?"

"नाही."

"केस?"

"केससुद्धा छान झाले."

"मग?"

मिल्काने नळ सोडून हात धुतले. पुन्हा धुतले. "राहू दे ना गं सिप्पू. मी वाईट, असं समज. मला चालेल."

"मला नाही चालणार. चोराला पण सांगतात, तू काय चोरलंस ते." सिप्पोरा दारापाशी गेली, चपलेत पाय घातले. "ऐक मग. तुझामाझा संबंध आजपासून संपला. मी मेले तर तू येऊ नकोस. माझ्या अंगाला मुंबईच्या बायका हात लावतील, तू लावायचा नाहीस."

ती दाराबाहेर पडली. दोन पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात मिल्का ओल्या हातांनी उंबऱ्यात आली.

"थांब. सांगते. मग शिव्या दे मला." तिने पदराने हात पुसले, तरी ते पुसतच राहिली. "सगळं झाल्यावर आपण कानाशी वाकून माफी मागतो ना? नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन. अमक्याची लेक अमकी, आमच्या हातून काही चुकलं असेल तर क्षमा कर. रेमाबाईची माफी तू मागितलीस."

"मागितली. नीट मागितली."

"तू म्हणालीस, शमुवेलच्या लेकी मिल्का."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. सिप्पोराने कठडा धरला.

"मला वाटलं, चुकून तोंडातून गेलं. पण तीनदा म्हणायचं असतं, आणि तिन्ही वेळा तू माझंच नाव घेतलंस. मी समोर उभी होते गं, कंगवा घेऊन. तू वर पाहिलंस, माझ्याकडे. तुला मी कोण ते कळलं नाही. मला म्हणालीस, बाई, जरा बाजूला व्हा, ही माझी मैत्रीण आहे."