फोल्प येते का?

माणसं गाळणं हा माझा धंदा आहे. तोंडावर सांगतो, उगाच आडपडदा नको. मोठ्या कंपन्या जाहिरात देतात आणि अर्ज येऊन पडतात आमच्या टेबलावर. एका जागेला चारशे अर्ज. पंधरा पुढे पाठवायचे, बाकीच्यांच्या हातात नारळ.

लोक मला लग्नात, दवाखान्यात, जिन्यात गाठून एकच विचारतात, "साहेब, नोकरीसाठी कुठली लँग्वेज शिकावी?" मी सांगतो, पायथन, जावास्क्रिप्ट, एसक्यूएल, जावा येत असेल तर सोन्याहून पिवळं. ते मान डोलावतात आणि अर्जात अकरा भाषा लिहून मोकळे होतात. अकरा! स्वतःची मातृभाषा धड लिहिता येत नाही लेकाच्यांना. अशांचा मला भयंकर राग येतो.

म्हणून मी फोल्प काढली. फोल्प नावाची भाषा जगात नाही. धान्यातलं फोल वेगळं व्हावं म्हणून मीच बसल्या बसल्या नाव ठेवलं आणि जाहिरातीत पायथनच्या शेजारी टाकून दिलं. जो म्हणेल मला फोल्प येते, तो थापाड्या. बटण दाबायचं, विषय संपला. पहिल्याच खेपेला एकशे बारा जण अडकले. एकाने तर फोल्पचा चार वर्षांचा अनुभव लिहिला होता. ऑफिसात हसून हसून मुरकुंडी वळली, बड्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि तेव्हापासून ऑफिसातला शहाणा म्हणजे मी.

आता ताईचं सांगतो. ताई माझी मोठी बहीण. प्रोग्रामिंग मला तिनेच शिकवलं. मी दहा वर्षांचा, ती कॉलेजात. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून वहीवर. नव्या भाषेला नवी वही, पहिल्या पानावर भाषेचं नाव, खाली दोन रेघा. मी प्रोग्राम लिहायचा, ताईने कॉम्प्युटर व्हायचं आणि चूक सापडली की माझ्या टाळक्यात टपली मारायची. पुढे तिला चांगली नोकरी लागली, काही वर्षांनी मलाही. मग आई अंथरुणाला खिळली. दोघांपैकी एकाने घरी बसायला हवं होतं. "तुझी सुरुवात आहे, तू कर. मी नंतर बघीन," ताई म्हणाली. मी तोंडदेखलंसुद्धा 'नको' म्हणालो नाही. नऊ वर्षं तिने आईचं हगणंमुतणं काढलं आणि मी दर रविवारी फळं घेऊन गेलो.

आई गेल्यावर चार महिन्यांनी ताईने विचारलं, "बाळ्या, हल्ली कुठल्या भाषांना किंमत आहे रे?"

मी घाईत होतो. नेहमीची यादी सांगितली आणि वर अक्कल शिकवली. "आधी मशीन अर्ज वाचतं, ताई. जाहिरातीतला एकही शब्द गाळायचा नाही. येत नसेल तर पुढे 'शिकत आहे' असं लिही. तू शब्द गाळलास की मशीन तुला गाळतं."

"खोटं नाही ना होत ते?"

"शिकायला घेतलीस की कसलं खोटं?"

सहा महिने ती वह्या भरत बसली. कुठे अर्ज करणार विचारलं तर म्हणाली, "सांगणार नाही. तुझा वशिला नको मला. लागली की पेढे घेऊनच येईन." जाहिरातीवर आमचं नाव नसतं, कंपनीचं असतं. तिला तरी काय कळणार?

मंगळवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. मी, टकल्या आणि नवी आलेली चष्मेवाली. पडद्यावर अर्ज येत होते. नाव, वय, पत्ता झाकलेला असतो. पक्षपात नको म्हणून.

"सर, हा बघा," चष्मेवाली म्हणाली. "अर्जाबरोबरच्या परीक्षेत चाळीसपैकी चाळीस. चारशेत पहिला."

"फोल्प?"

"आहे. पण 'शिकत आहे' असं लिहिलंय."

"नसलेली भाषा शिकतोय! कोणाकडे, भुताकडे?" टकल्या खो खो हसला.

"पण येते असं कुठं म्हटलंय, सर? आणि परीक्षा तर..."

"शितावरून भाताची परीक्षा," मी म्हणालो. "जो एक थाप मारतो तो दहा मारतो." मग मजा म्हणून पुढची ओळ मोठ्याने वाचली. "शिकवण्याचा अनुभव : एक विद्यार्थी. सध्या याच क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर."

"एक? अख्खा एक?" टकल्याने टेबलावर हात आपटले. सगळ्यात जास्त मीच हसलो. हसता हसता बटण दाबलं. त्या बटणाने नुसता नकार जात नाही. अर्जावर 'अप्रामाणिक' असा शिक्का बसतो आणि दोन वर्षं आमच्या कुठल्याच कंपनीचं दार उघडत नाही.

पान आपोआप खाली सरकलं. शेवटची ओळ होती : मधली नऊ वर्षे, आजारी आईची शुश्रूषा.

ती ओळ मी दोनदा वाचली.

शिक्का मागे घेता येतो. पाच वाजेपर्यंत. त्यासाठी बड्या साहेबांना कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहिणार? ही माझी बहीण आहे, 'शिकत आहे' हे मीच तिला पढवलं, आणि माझ्या नामी युक्तीत थापाड्यांबरोबर भली माणसंही चिरडली जातात? घड्याळात तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांची केबिन समोरच होती, दार उघडं.

"सर, परत घ्यायचा का?" चष्मेवालीने हळूच विचारलं.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. "पुढचा घे."

संध्याकाळी ताईचा फोन आला, "येशील का जरा?" गेलो. आईची खाट होती तिथे आता टेबल होतं, वर सहा वह्या नीट रचलेल्या. ताईचे डोळे सुजले होते.

"नोकरी गेली तर गेली रे. पण बाळ्या, अप्रामाणिक म्हणालेत मला. उभ्या जन्मात कुणी म्हणालं नव्हतं. मी काय खोटं लिहिलं, सांग ना!"

सांगून टाक, सांगून टाक, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. मी अर्ज हातात घेऊन वाचल्याचं नाटक केलं.

"हे फोल्प. शिकायला घेतली होतीस?"

तिने मान खाली घातली. "नाही रे. खूप शोधली, पुस्तकच मिळेना. म्हटलं, मिळालं की लगेच सुरू करू."

"मग? खोटंच झालं ना ते?"

इतकं सहज बोललो मी! तिने वादसुद्धा घातला नाही.

"हो. चुकलंच माझं," ती म्हणाली. पदराने नाक पुसलं, उठली आणि कपाटातून कोरी वही काढली. पहिल्या पानावर तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलं, फोल्प. खाली दोन रेघा मारल्या.

"नाव तरी बघ मेलं. आपल्यातल्याच कुणीतरी चेष्टेत ठेवल्यासारखं," ती जराशी हसली. मग वही माझ्यासमोर सरकवली. "दोन वर्षं बसून काढायचीच आहेत, तर शिकून घेते. यावेळी तू शिकव मला. चुकले की मार टपली." तिने पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुला येते ना रे?"

"येते," मी म्हणालो.