गाडी कोणाच्या नावावर

हणमंतराव सरांना लातुरात कुणी खोटं बोलताना पकडलेलं नव्हतं. ते फार सत्यवादी होते म्हणून नव्हे, त्यांना उलटून कुणी काही विचारतच नसे म्हणून. भूकंपानंतरच्या साली पत्र्याच्या शेडमध्ये बावीस पोरं घेऊन त्यांनी फिजिक्सचा क्लास काढला होता, आणि आता एकेका बॅचला चारशे बसत होती. मुरुडपासून भोकरपर्यंतचे आईबाप लेकरू आणून सोडायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही जाणा. इतकी वर्षं हे ऐकल्यावर आपण बोलू तेच खरं, असं माणसाला वाटायला लागतं. सरांनाही लागलं होतं.

त्या सोमवारी सकाळी मात्र ते बैठकीत एका माणसाची वाट पाहत बसले होते. येणार होते मुखेडचे भुजंगराव, एसटीचे ड्रायव्हर. त्यांची मुलगी तनुजा ही सरांची विद्यार्थिनी. महिन्यापूर्वी न्यूझीलंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीच्या अपघातात ती गेली, आणि गाडी चालवत होता सरांचा मुलगा आलोक.

चौघं होते, चौघंही क्लासच्या एकाच बॅचचे, पुढे शिकून सहा महिन्यांपूर्वी तिकडे नोकरीला गेलेले. सुट्टीत गाडी भाड्याने घेऊन आठ दिवस डोंगर, तळी बघत फिरायचं ठरलं. तिकडेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हाताने जातात आणि पहिलं वर्षभर आपला परवाना चालतो, म्हटल्यावर पोरांना आणखी काय हवं? काउंटरवरच्या बाईने परवाना उलटसुलट करून पाहिला आणि हसून किल्ली दिली. चौथ्या दिवशी डांबरी रस्ता संपून खडीचा लागला. एका वळणावर गाडी घसरली आणि डाव्या अंगावर खाली गेली. पुढे डावीकडे तनुजा बसली होती. मागच्या दोघांची हाडं मोडली, आलोकला धड खरचटलंही नाही.

आता आलोकवर तिथे खटला उभा होता. तिथला वकील म्हणाला, शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश मयताच्या घरच्यांचं म्हणणं विचारात घेतात. मुलीच्या वडिलांनी तक्रार नाही असं लिहून दिलं तर पोरगा तुरुंगाबाहेर राहील. सरांनी दोन दिवस हातात फोन घेऊन घालवले आणि मग मुखेडला लावला. शिव्या खायची तयारी ठेवली होती त्यांनी. भुजंगराव एवढंच म्हणाले, "येतो ना सर. सोमवारी सुट्टी हाय माझी." त्या दोन वाक्यांनी सरांची झोप उडवली, शिव्यांनी उडाली नसती इतकी.

कारण एक गोष्ट सर जाणत होते, जी त्यांच्या बायकोला, चंद्रप्रभाबाईंनाही माहीत नव्हती. गाडी ठरवायच्या आदल्या दिवशी तनुजाने त्यांना फोन केला होता. क्लास सोडून पाच-सहा वर्षं झाली तरी पोरं नोकरी धरताना, लग्न ठरवताना सरांना विचारायची, तसंच हेही.

"सर, गाडी कुणाच्या तरी एकाच्या नावावर घ्यावी लागते," ती म्हणाली होती. "मला चालवता येते, बाबांनी शिकवलीय, पण परवाना न्हाई. आमच्यात एकट्या आलोककडंच हाय. पण त्याला खरंच येते का, सर? रस्ते घाटाचे हायत. तुम्ही हाव म्हणलात तर त्याच्या नावावर घेते, न्हाईतर आम्ही बसनं फिरतो."

सरांना तो प्रश्न झोंबला. आपल्या पोराबद्दल, आपल्यालाच, आणि तो एका ड्रायव्हरच्या पोरीने विचारावा! "अगं, बारावीपासून चालवतो तो," ते म्हणाले. "बिनधास्त घे."

बारावीपासून आलोककडे होता तो परवाना. व्यंकटराव नावाच्या एजंटाने तो घरी आणून दिला होता. आलोक फक्त फोटोपुरता गेला, टेस्ट कागदावरच झाली. त्यानंतर बायपासला तीन रविवार गाडी शिकवून पाहिली. तिसऱ्या रविवारी त्याने परत येताना क्लासचं गेट पाडलं आणि सर म्हणाले, राहू दे, आधी अभ्यास. त्यानंतर पोराने स्टिअरिंगला हात लावला तो थेट न्यूझीलंडात.

भुजंगराव साडेदहाला आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि सरांनी दोनदा म्हटल्यावर सोफ्याच्या कडेला बसले. चंद्रप्रभाबाई पाणी घेऊन आल्या आणि तांब्या ठेवता ठेवता त्यांना हुंदका फुटला. भुजंगरावच त्यांची समजूत घालायला लागले. "रडू नका, बाई. तुमचंबी लेकरू तिकडं एकटं हाय." सरांना वाटलं, हा माणूस ओरडला तर बरं होईल.

सरांनी कागद पुढे केला. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता, वकील नंतर त्याचं इंग्रजी करून घेणार होता. भुजंगरावांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. आलोक गाडी चालवण्यात तरबेज असल्याची आम्हाला पूर्ण खात्री होती. घडला तो निव्वळ अपघात. त्याच्याविरुद्ध आमची कसलीही तक्रार नाही.

"सर," त्यांनी मान वर केली, "गाडी गेली कशी? मला कुणी धड सांगितलंच न्हाई."

कसं, हे सांगण्यात सरांचं आयुष्य गेलं होतं. वेग इतका, वळण असं, खडी सुटी, मागची चाकं बाहेर सरकली. आवाजही आपोआप वर्गातला झाला. "मग आलोकने ब्रेक मारला."

"दाबून?"

"हो. पूर्ण."

"खडीवर." भुजंगराव म्हणाले. त्यांचा उजवा पाय फरशीवरून जरासा उचलला गेला. "खडीवर गाडी घसरली तर ब्रेक न्हाई मारायचा, सर. पाय काढून घ्यायचा आन् तिला जाऊ द्यायचं. तनूला शेताच्या वाटंवर जीप शिकवली तवा म्या पयलं हेच शिकवलं व्हतं."

सरांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"टेस्ट दिली व्हती ना आलोकनं?"

"हो. दिली होती." हे इतक्या सहज निघालं की सरांना स्वतःचीच भीती वाटली.

"आन् त्याला चांगली येते असं तनूला कोण म्हणलं? मला फोनवर म्हणली, बाबा, म्या विचारून खात्री केलीय."

आतल्या खोलीत गेलेल्या चंद्रप्रभाबाईंचं मुसमुसणं थांबलं होतं. सरांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. अजून सही व्हायची होती.

"आलोकच म्हणाला असेल," ते म्हणाले.

"पोरं म्हणत्यातच." भुजंगरावांनी खिशातलं पेन काढलं. "हे तरबेज आन् खात्री तेवढं खोडतो, सर. अठ्ठावीस वर्सं झाली गाडी चालवतो, मला न्हाई लिहिता यायचं ते. तक्रार न्हाई, हे खरं हाय. ते राहू द्या." त्यांनी त्या ओळीवर सरळ रेघ ओढली, खाली सही केली आणि तारीख घातली. मग कागद सरांकडे सरकवला.

सर उठणार होते. भुजंगराव उठले नाहीत.

"एक बोलायचं व्हतं. कुणापाशी बोललो न्हाई." ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "किल्लारीला भूकंप झाला तवा मी नवा व्हतो. तीन दिवस जखमी आणत व्हतो गाडीत. गाड्या लई, ड्रायव्हर कमी. ज्याला त्याला बसवलं स्टिअरिंगवर. एका पोरानं टेम्पो उलटवला माझ्या म्होरं. ढिगाऱ्यातनं जित्ती निघालेली चार माणसं, ती त्या टेम्पोत मेली. तवाच ठरवलं, माझ्या घरात टेस्ट दिल्याबिगर परवाना यायचा न्हाई. तनू अठराची झाली तवा एजंट म्हणला, आठ दिवसांत आणून देतो. म्या हाकललं त्याला. रांगेत उभी ऱ्हा, टेस्ट दे, मग घे, म्हणलं. तारीख मिळाली तर त्याच दिवशी तुमच्याकडं परीक्षा. तुम्ही सुट्टी दिली न्हाई. बरोबरच केलं तुम्ही, शिस्त पायजेच. पुन्हा अभ्यास, मग ती तिकडं गेली. राहून गेलं."

सरांना ती सुट्टी आठवत नव्हती. दर वर्षी शंभर पोरं सुट्टी मागायची आणि सर शंभर पोरांना नाही म्हणायचे.

"एजंटाचं ऐकलं असतं तर गाडी तिच्या नावावर झाली असती," भुजंगराव म्हणाले. "ती चालवत असती, सर. तिनं खडीवर ब्रेक न्हाई मारला असता. समदे घरी आले असते. म्या माझ्या खरेपणापायी लेक घालवली, आन् तुमच्या पोराच्या माथी डाग आणला. नवशिकं पोर, त्याच्या हाती गाडी गेली ती माझ्यामुळं."

सरांना फक्त एवढंच म्हणायचं होतं की भुजंगराव, तुमची काही चूक नाही, तिने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. वाक्य जिभेवर आलंही होतं. समोर सही केलेला कागद होता, आणि त्या कागदावर हा माणूस दुसरी रेघ ओढू शकत होता.

भुजंगराव उठले आणि त्यांनी वाकून हात जोडले. "एवढी माझी चूक पदरात घ्या, सर. त्यासाठीच आलो व्हतो मी. सही काय, ती पोस्टानं पाठवली असती."

हणमंतरावांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग भुजंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ते झालं, भुजंगराव," ते म्हणाले. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही."

भुजंगरावांनी डोळे पुसले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना जरा हलकं वाटल्यासारखं दिसलं, आणि निघताना ते सरांच्या पाया पडले.